कुणाची डिपेंडंट?

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१६ फेब्रुवारी २०२५

श्री. त्र्यंबकराव सबनीस यांस,

वर ‘तीर्थरूप बाबा’ लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अठरा वर्षं तसं लिहिलं. तुमच्या मुलाशी माझा घटस्फोट होऊन आता दोन वर्षं झाली, तरीही परवापर्यंत तोच मायना लिहायची माझी तयारी होती. आज नाही.

पत्र अशासाठी, की फोनवर मी चिडले की तुम्ही कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवता आणि नुसतं ‘बोल, बोल’ म्हणत बसता. पत्राला ती सोय नाही.

काल मी माझा टॅक्स रिटर्न ऑनलाइन भरला. चहा पिऊन होईपर्यंत तो परत आला. कारण काय, तर माझी मुलगी अनया हिचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या एका रिटर्नवर लागलेला आहे. कुणाच्या, ते सरकार सांगत नाही. मला सांगायची गरजही नाही. राजीवने आयुष्यात लायब्ररीच्या कार्डाचा फॉर्मसुद्धा स्वतः भरलेला नाही. सबनीसांच्या घरचे सगळे रिटर्न गेली पन्नास वर्षं तुम्ही क्युपर्टिनोच्या त्या डायनिंग टेबलवर बसून, पेन्सिलीला टोक करून करून भरता. तेव्हा हे काम कुणाचं ते मला ठाऊक आहे.

कोर्टाचा निकाल तुम्ही स्वतः वाचलाय, खाली रेघा मारून वाचलाय. सम वर्षी अनया माझ्या रिटर्नवर, विषम वर्षी राजीवच्या. हा रिटर्न २०२४ चा आहे. २०२४ ला दोनाने भाग जातो. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला हे मी सांगायचं का?

पैशांसाठी भांडतेय असं समजू नका. सतरा वर्षांच्या मुलीमागे मिळणारी सूट ती केवढी! पोरगी माझ्याकडे राहते. तिच्या तापाला मी जागते, बर्फात तिला ड्रायव्हिंग शिकवताना ब्रेकवर पाय माझा आपटतो. तिच्या नावाच्या मधोमध ‘राजीव’ आहे, शेवटी ‘सबनीस’ आहे, आणि ते जन्मभर राहणार. त्या नावात मी कुठेही नाही. वर्षाआड एकदा एका सरकारी कागदावर माझ्या नावाखाली तिचं नाव येतं. तेवढंही तुम्हाला बघवलं नाही?

सप्टेंबरात ती अठराची होईल आणि कोर्टाचा कागद संपेल. म्हणजे हे माझं शेवटचं सम वर्ष. ते मी सोडणार नाही. राजीवच्या रिटर्नवरून तिचं नाव काढा आणि काढल्याचं कळवा.

मृणालिनी पेंडसे

•

क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया
२२ फेब्रुवारी २०२५

चि. मृणालिनीस आशीर्वाद.

‘चि.’च्या पुढे ‘सौ.’ लिहायला हात गेला होता, आवरला. आशीर्वाद मात्र लिहितो, कारण घटस्फोट तुम्ही दोघांनी घेतला, मी घेतलेला नाही.

पहिली गोष्ट. मी रिटर्न पेनाने भरतो. पेन्सिल कच्च्या कामाला.

दुसरी गोष्ट. आज कॅलेंडरवर कोणतं वर्ष आहे? २०२५. रिटर्न कधी भरतोय आपण? २०२५ मध्ये. ते विषम आहे. म्हणून मी अनयाला राजीवच्या रिटर्नवर दाखवलं आणि ते दाखवताना मला तिळमात्र संकोच वाटला नाही. तू भागाकार शिकवायला निघालीस, आधी कॅलेंडर बघ.

आता तिसरी गोष्ट, आणि ही वाचून तुझी बोलती बंद होईल. राजीवचा रिटर्न मी कागदावर पेनाने भरून आठ तारखेला ऑनलाइन चढवला आणि तो परत आला! कारण तेच. अनयाचा नंबर आधीच लागलेला आहे. राजीव म्हणाला, “जाऊ दे ना बाबा.” मी म्हटलं, का जाऊ द्यायचं? मृणालिनीने घाईघाईने डाव साधलाय. तुझा निषेध करणारं पत्र मी लिहायलाच घेणार होतो, तेवढ्यात तुझंच पत्र आलं, वर तोंड करून! स्वतः मुलीचं नाव आधी लावून टाकायचं आणि मग मला जाब विचारायचा, याला मराठीत कांगावा म्हणतात.

या देशात १९७३ साली आलो. पन्नासहून अधिक रिटर्न भरले, एकही परत आला नव्हता. एकही! आयुष्यात पहिल्यांदा लाल अक्षरांत ‘नामंजूर’ वाचायची वेळ तुझ्यामुळे आली. तुझ्या रिटर्नवरून नातीचं नाव काढ आणि मला कळव.

त्र्यंबक सबनीस

ता. क. मृणालिनी, पाकीट बंद करायला माझ्याकडे आलंय म्हणून खाली दोन ओळी लिहिते. तुझं पत्र वाचल्यापासून यांनी मशीन काढून ठेवलंय. मी जेवायला हाक मारली तरी ‘बोल, बोल’ म्हणतात. तू लिहीत राहा. तिकडे थंडी फार आहे म्हणे, अनयाला टोपी घालायला सांग. – शोभा

•

ईडन प्रेरी
२ मार्च २०२५

श्री. त्र्यंबकराव,

तुमचा रिटर्न परत आला या थापेवर मी विश्वास ठेवावा असं तुम्हाला खरंच वाटतं? मी लावलं नाही, तुमचं लागलं नाही, मग अनयाचं नाव लावलं कुणी? शेजारच्या गोऱ्या आजीने?

आणि ते कॅलेंडर तुमच्यापाशीच ठेवा. रिटर्न ज्या वर्षाचा असतो त्या वर्षाचा असतो. आपण तो कधी भरायला बसतो याला महत्त्व नाही. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मोठ्या आकड्यांत २०२४ छापलंय. पन्नास वर्षं पेनाने भरताय ना? मग एकदा वाचाही.

तुम्हाला राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. मी निघाले याचा. सबनीसांच्या घरातून कुणी आपण होऊन निघत नसतं.

२००६ सालचा गणपती आठवतो? मंडळाचा कार्यक्रम, शाळेचा हॉल. मी पुण्याहून मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून आलेली, युनिव्हर्सिटीत दुसरी आलेली, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेली असल्याने नोकरी करायला बंदी असलेली. दोन वर्षं घरात बसून भिंती मोजत होते. तुम्ही तुमच्या मित्रांना माझी ओळख करून दिलीत. नाव सांगितलं नाहीत. म्हणालात, “ही आमच्या राजीवची डिपेंडंट.” सगळे हसले. तुम्ही सगळ्यात शेवटपर्यंत हसत होतात. राजीवही हसला. मीही हसले, कारण हातात प्रसादाचं ताट होतं आणि दुसरं काय करावं ते कळेना.

पासपोर्टवर तो शब्द सरकारने छापला होता, ते मी सोसलं. कपाळावर तुम्ही छापलात. पुढे सहा वर्षांनी हातात वर्क परमिट पडलं, तेव्हा मी आधी कुणाला फोन केला नाही, बाथरूममध्ये जाऊन रडले. अनयाला मी पाळण्यात असल्यापासून एकच गोष्ट सांगत आलेय: काहीही हो, पण कुणाची डिपेंडंट होऊ नकोस. इतर आया गोष्टी सांगतात, मी हे सांगितलं.

आता तीही माझ्याशी बोलेनाशी झालीय. डिसेंबरात तुमच्याकडे राहून आली तेव्हापासून दार लावून बसते. कॉलेजांची उत्तरं आलीत, कुठे मिळालं, कुठे जाणार, अवाक्षर काढत नाही. तिच्या कानात काय भरलंय तुम्ही लोकांनी? कॅलिफोर्नियातच ये म्हणून सांगितलंय ना? सांगितलंच असेल.

मी वकिलांची वेळ घेतलीय, अठरा तारखेची. कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून राजीववर अर्ज करणार आहे. वकीलबाई म्हणाल्या, मुलगी मोठी आहे, न्यायाधीश तिलाही आत बोलावून विचारतील. विचारू देत. एकदाचं सांगू दे तिला सगळ्यांसमोर, ती कुणाची आहे.

हे पाकीट उद्या शाळेत जाताना अनया पोस्टाच्या पेटीत टाकेल. आत काय आहे ते तिला सांगितलेलं नाही. आजोबांना पत्र आहे म्हटल्यावर उगाच माझ्याकडे बघत राहिली.

मृणालिनी पेंडसे

•

३ मार्च

प्रिय आजोबा,

मी आईचं पाकीट उघडलं. हे चूक आहे, बहुतेक क्राइम पण आहे. मी माझं पत्र आत टाकून टेपने बंद करीन. माझी मराठी वाचून हसू नका. तुम्हीच दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवली, म्हणून चुका पण तुमच्या आहेत.

आजोबा, तुमचा रिटर्न मी रिजेक्ट केला. आईचा पण मीच केला.

मागच्या समरला मी सिटीच्या पूलवर लहान मुलांना स्विमिंग शिकवत होती ना, त्याच्या पगारातून टॅक्स कापला होता. माझ्या फ्रेंड्सनी सांगितलं, रिटर्न फाइल केला की तो परत मिळतो. मग मी जानेवारीत शाळेच्या लायब्ररीत बसून माझा रिटर्न फाइल केला. एकटीने. मला वाटलं तुम्ही खूप प्राउड होणार. मी तुम्हाला सरप्राइज देणार होती.

त्यात एक प्रश्न होता: कोणी तुम्हाला डिपेंडंट म्हणून क्लेम करू शकतं का? मी ‘नो’ केलं, म्हणजे माझा नंबर माझ्याच रिटर्नवर लागला. विचार पण नाही केला. आजोबा, माझ्या घरी तो शब्द शिवीसारखा आहे. आईने मला एबीसीडीच्या आधी ते शिकवलं. मी ‘येस’ कशी करणार?

मग आईचा रिटर्न परत आला तेव्हा मला कळलं की मी काय केलं. मी सांगायला किचनमध्ये गेली होती. पण आई फोनवर बाबाला ओरडत होती, “ती माझी आहे!” आणि बाबाचा आवाज पण बाहेर येत होता, “पण या वर्षी माझी टर्न आहे!” टर्न. मी काय बोर्ड गेम आहे? मग मला इतका राग आला की मी सांगितलंच नाही. मी वर गेली आणि दार लावलं. दोघांनी शोधू दे.

आता ती जजकडे जाणार. जजने मला विचारलं तर मी सांगेन, सर, मी ऑलरेडी लिहून दिलंय, माझा रिटर्न चेक करा.

माझ्या कानात कोणी काही नाही भरलं. तुम्ही मला फक्त र्‍हस्व-दीर्घ शिकवता. मी बॉथेलला जाणार आहे, वॉशिंग्टन स्टेटमध्ये. तिथे मला ॲडमिशन मिळाली आणि स्कॉलरशिप पण. मुद्दाम असं कॉलेज घेतलं जे कॅलिफोर्निया पण नाही आणि मिनेसोटा पण नाही. मग कोणी म्हणू शकत नाही की मी त्याला चूज केलं.

आईला तुम्ही सांगा. मला भीती नाही वाटत. पण मी सांगायला गेली तर मी ओरडेन, मग ती रडेल, मग मला सॉरी म्हणायला लागेल. आणि मी सॉरी नाही आहे.

तुमची (ही फक्त लिहायची पद्धत आहे, क्लेम नाही)
अनया

•

क्युपर्टिनो
९ मार्च २०२५

चि. मृणालिनीस आशीर्वाद.

तुझ्या पाकिटात दोन पत्रं निघाली. दुसरं सोबत पाठवतोय. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मी दोनदा वाचलं. शोभाने तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, तेव्हा मशीन घालून ऐकलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझा रिटर्न नामंजूर झाला तो माझ्याच नातीने केला, आणि तोही मी शिकवलेल्या शिस्तीने, एकटीने बसून, मुदतीच्या कितीतरी आधी! ओरडायचं कुणावर, हेच मला कळेना. म्हणून तुझ्यावर ओरडतो. ‘डिपेंडंट होऊ नकोस’ हे पाळण्यात शिकवायची गोष्ट आहे का? झालीच ना ती इनडिपेंडंट! आता तीच सरकारला सांगते की माझं कुणी नाही.

कायद्याने ते चालणार नाही, तुला माहीतच आहे. ती तुझ्या घरी राहते, तुझ्या हातचं खाते. तिला रिटर्न सुधारून तिथे ‘येस’ करावं लागेल. राजीवच्या रिटर्नवरून मी तिचं नाव काढलंय. पहिल्या पानावरचं २०२४ मी वाचलं. सम आहे. यापेक्षा जास्त माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.

पण ते वाचल्यावर एक गोष्ट मनात आली आणि मी गेल्या वर्षीची फाइल काढली. गेल्या वर्षी, २०२४ साली, आपण २०२३ चे रिटर्न भरले. मी तेव्हा कॅलेंडर पाहून म्हटलं, सम वर्ष, मृणालिनीची पाळी. राजीवच्या रिटर्नवर अनयाला दाखवलं नाही. आणि तुझ्या हिशेबाने ते होतं २०२३, विषम, राजीवची पाळी. म्हणजे तूही दाखवलं नसणार. बरोबर?

रिटर्न दोघांचेही बिनबोभाट मंजूर झाले. कुणाचा परत आला नाही, कुणी फोन केला नाही, कुणी पत्र लिहिलं नाही. गेल्या वर्षी पोरगी कुणाच्याच कागदावर नव्हती, आणि आपल्याला वर्षभर पत्ता नव्हता.

ते बघितल्यावर मी रागावून बसलोय. कुणावर, ते विचारू नकोस.

घरातही मला सुख नाही. आमच्या दोघांच्या रिटर्नवर दोन सह्या लागतात. दरवर्षी मी पान पुढे करतो, शोभा सही करते. या वर्षी तिने पेन बाजूला ठेवलं. म्हणते, तुझ्या २००६ सालच्या गणपतीचा निकाल लागल्याशिवाय सही नाही. मी म्हटलं, मला तो विनोद आठवतही नाही. तर म्हणते, मग आठवेपर्यंत थांबू. पंधरा एप्रिलची मुदत तोंडावर आलीय. तुझ्या भांडणाने माझ्या घरात संप झालाय, हे ध्यानात असू दे.

वकिलांची वेळ रद्द कर.

त्र्यंबक सबनीस

ता. क. मला आठवतो तो गणपती. मी मोदक वाढत होते. सगळे हसले तेव्हा मीही हसले, मृणालिनी. मीही त्याच व्हिसावर आले होते, १९७५ साली, आणि मला वाटायचं की हसायचंच असतं. सही केलेली नाही. करणार नाही. – शोभा

•

ईडन प्रेरी
१६ मार्च २०२५

तीर्थस्वरूप बाबांस,

‘तीर्थरूप’ नव्हे, ‘तीर्थस्वरूप’. लग्नानंतर मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तुम्हीच लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं: घरच्या वडीलधाऱ्यांना रूप, बाहेरच्यांना स्वरूप. आता मी बाहेरची आहे, तेव्हा हेच बरोबर. चूक काढू नका.

वकिलांची वेळ रद्द केली.

तुमचं पाकीट मी गाडीत बसून वाचलं, घराच्या ड्राइव्हवेमध्येच. अनयाचं पत्र वाचून मला इतका संताप आला की मी तशीच आत गेले आणि जिन्याखालून तिला हाका मारत सुटले. तिने दार उघडलं, माझ्या हातातला कागद पाहिला आणि म्हणाली, “फायनली.”

मग ती म्हणाली होती तसंच झालं. ती ओरडली, मी रडले. फक्त तिने सॉरी म्हटलं नाही, आणि मी म्हणूही दिलं नाही.

मी तिला म्हटलं, “बॉथेल? मला न सांगता?”

“तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, बाबाला माहितीये का. बाबाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आईला सांगितलंस का. कोणीतरी एकदा तरी विचारा ना, तिथे मी काय शिकणार आहे?”

ती काय शिकणार आहे, ते मी त्या क्षणापर्यंत विचारलं नव्हतं. पाण्याचं शास्त्र शिकणार आहे. नद्या, तळी, त्यात काय वाढतं ते. म्हणजे अर्धं माझंच. तिने हे सांगितलं तेव्हा मी रागातच होते, म्हणून आनंद झाल्याचं तिला दाखवलं नाही. तुम्हाला सांगते.

मग आम्ही दोघी टेबलाशी बसलो, तिचा रिटर्न सुधारायला. तो प्रश्न आला. तिने माउस सोडला आणि हाताची घडी घातली. म्हणाली, “तूच सांग. येस करू? माझं आख्खं आयुष्य तू सांगितलंस नो म्हणायला. आता तुला हवंय म्हणून येस?”

बाबा, वीस वर्षं मी ज्या शब्दावर चिडून आहे, तोच शब्द मला माझ्या मुलीच्या नावापुढे हवा होता. त्यासाठी मी तिच्या बापाला कोर्टात खेचायला निघाले होते, तिला न्यायाधीशासमोर उभी करणार होते. तुमच्यावरचा राग खोटा नव्हता, पण त्याच्याआड हे लपलं होतं आणि मला ते दिसलं नाही.

मी प्रश्न पुन्हा वाचला. मग म्हटलं, “कुणी दाखवू शकतं का, असं विचारलंय. तू आहेस का, असं विचारलेलं नाही.”

तिने स्क्रीनकडे पाहिलं. “सो, यू कॅन. बट आय ॲम नॉट.”

“हो.”

तिने ‘येस’ केलं. इतक्या जोरात की कप हलला.

गेल्या वर्षीचं मी तिच्यापासून लपवणार होते. लपवलं नाही. म्हटलं, गेल्या वर्षी तुझ्या बाबाला वाटलं माझी पाळी, मला वाटलं त्याची, आणि तुझं नाव कुणीच लावलं नाही. आधी ती हसली. पोट धरून हसली. मग हसू थांबलं आणि म्हणाली, “आणि कोणाला कळलं पण नाही?” मी म्हटलं, “नाही.” ती उठून वर गेली. त्या वेळी दार लावलं नाही, नुसतं लोटलं. मी जिन्याखाली उभी राहून ते दार बघत राहिले. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर तो त्या ‘नाही’चा. ते ‘नाही’ माझं आहे, राजीवचं आहे आणि तुमचंही आहे.

माझा रिटर्न मी कागदावर भरून पोस्टाने पाठवला. पेनाने. माझ्या नावाखाली ‘अनया राजीव सबनीस’ लिहिलं. नातं: मुलगी. एवढंच हवं होतं, आणि लिहून झाल्यावर लक्षात आलं की ते त्या कागदावर नसतं तरी होतंच.

आता तुमचं. तो विनोद आठवत नाही असं तुम्ही लिहिलंत. मी ते मानत नाही. ज्या माणसाला १९७३ सालच्या विमानाचं भाडं आठवतं त्याला हे आठवतं.

सात जूनला अनयाच्या ग्रॅज्युएशनची पार्टी आहे, आमच्या मागच्या अंगणात. तिने तुम्हा दोघांना बोलावलंय. मीही बोलावतेय. इथली मंडळाची माणसं असतील, माझ्या लॅबमधली असतील. तुम्ही आलात की कुणीतरी विचारणारच, या कोण. तेव्हा माझी ओळख तुम्ही करून द्यायची. मी तिथे उभी असेन आणि हातात ताट नसेल. काय म्हणायचं ते ठरवून या.

आणि मशीन घालून या.

मृणालिनी

•

क्युपर्टिनो
२५ मार्च २०२५

चि. मृणालिनीस आशीर्वाद.

‘स्वरूप’ बरोबर आहे. लाल शाई काढायला जागा ठेवली नाहीस, याचा मला फार राग आला.

राजीव पार्टीला एकटा येणार आहे, त्याने त्याचं हॉटेल घेतलं. आमचंही घेत होता. शोभा म्हणाली, नातीच्या घरी जायचं आणि हॉटेलात उतरायचं हे मला जमणार नाही. तेव्हा तीन रात्री तुझ्याकडे जागा आहे का, ते कळव. मला जिना चढवत नाही, खाली झोपायची सोय लागेल. शोभाला सकाळी सहाला चहा लागतो. माझं ड्रायव्हिंग लायसन्स गेल्या महिन्यात इथल्या सरकारने काढून घेतलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यामुळे विमानतळावर घ्यायला तुलाच यावं लागेल आणि सोडायलाही. मीठ कमी खातो आता. औषधांच्या वेळा शोभाच्या लक्षात राहत नाहीत, माझ्याही राहत नाहीत.

कुणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलंय. शोभाला म्हणून दाखवलं, तेव्हा तिने पेन मागितलं आणि सही केली. तुलाही आधीच लिहून कळवतो, म्हणजे आयत्या वेळी वाद नको.

“ही मृणालिनी पेंडसे. शास्त्रज्ञ आहे. आम्ही दोघं हिचे डिपेंडंट.”

हसले तर हसू देत. मी हसणार नाही.

त्र्यंबक सबनीस